घसा, गोळ्या आणि तीन दिवस

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादकडे निघाले की छावणी मागे पडते आणि पडेगाव लागते. तेथील एका शाळेत विज्ञानशिक्षकांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. मधल्या सुट्टीत एका बाईंनी कपाटातून एक छोटी बाटली काढून आमच्यापुढे ठेवली. आत साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या होत्या आणि लेबलावर ‘बेलाडोना ३०’ असे लिहिले होते. वर्गात कोणी ‘बाई, घसा दुखतोय’ म्हणत आले की त्या चार गोळ्या जिभेवर ठेवायला देतात. बाई म्हणाल्या, “तीन दिवसांत मूल बरे होते. कितीतरी वर्षे पाहते आहे. तुम्ही विज्ञानवाले याला काय म्हणता?”

प्रश्न सरळ होता आणि विचारणारीचा हेतू मुलांच्या भल्याचा होता. म्हणून ‘हे सगळे थोतांड आहे’ असे एका वाक्यात उडवून लावणे आम्हाला योग्य वाटले नाही. बाईंच्या बोलण्यात तीन गोष्टी होत्या: बाटलीत औषध आहे, ते दिल्यावर तीन दिवसांत घसा बरा होतो, आणि घसा बरा झाला म्हणजे प्रश्न संपला. या तिन्हींचा वेगवेगळा विचार करायला हवा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, पण सुरुवात बाटलीपासून करू.

बाटलीवरचा आकडा

बेलाडोना ही युरोपात उगवणारी विषारी वनस्पती आहे. आपल्याकडचा धोतरा तिचा भाऊबंद. दोन्ही वांग्या-बटाट्याच्या कुळातील. यांच्यात ॲट्रोपिनसारखी द्रव्ये असतात. ती पोटात गेली तर घसा कोरडा पडतो, चेहरा लाल होतो, अंग तापते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. ॲट्रोपिनचे थेंब डोळ्यांचे डॉक्टर बाहुली रुंद करण्यासाठी वापरतात, तो हाच गुण.

मग हे विष घसादुखीवर कसे आले? जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) यांनी १७९० साली एका वैद्यक ग्रंथाचे भाषांतर करताना सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली. आपल्याला हिवतापासारखी लक्षणे झाली, असे त्यांना वाटले. सिंकोना तर हिवतापावरचे औषध. यावरून त्यांनी नियम बांधला की निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणे निर्माण करते, तेच द्रव्य तशी लक्षणे असलेल्या रोग्याला बरे करते. बेलाडोनाने घसा लाल व कोरडा होतो, म्हणून लाल व कोरड्या घशाला बेलाडोना. त्या काळच्या वैद्यकात रक्त काढणे, जुलाब देणे, पारा चारणे असे उपचार सर्रास चालत. त्यांच्या तुलनेत हानेमान यांचे रुग्ण सुखरूप राहत असतील, यात नवल नाही.

पण विष देणार कसे? त्यासाठी हानेमान ते पातळ करत गेले. मूळ अर्काचा १ भाग आणि अल्कोहोल-पाण्याचे ९९ भाग घेऊन जोरजोरात झटके दिले की झाले ‘१ सी’. त्यातला १ भाग पुन्हा ९९ भागांत घातला की ‘२ सी’. असे तीस वेळा केले की ‘३०’. या अखेरच्या द्रवाचे थेंब साखरेच्या कोऱ्या गोळ्यांवर टाकतात, गोळ्या हलवतात, अल्कोहोल उडून जाते आणि बाटली विक्रीला तयार होते. लेबलावरचा आकडा जितका मोठा तितके औषध अधिक ‘शक्तिमान’ असे या पद्धतीत मानतात. आपल्या अनुभवाच्या हे अगदी उलट आहे. चहात साखर कमी घातली म्हणून तो अधिक गोड लागल्याचे आम्हाला तरी आठवत नाही.

पोटॅशियम परमँगनेटची अकरा भांडी

हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना पटत नाहीत, करून दाखवावे लागतात. शाळेच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम परमँगनेट असतेच. त्याचे १ ग्रॅम १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे. हे मूळ भांडे. त्यातले १ मिलिलिटर काढून ९९ मिलिलिटर पाण्यात घालावे. हे पहिले भांडे. त्यातले १ मिलिलिटर दुसऱ्यात, त्यातले तिसऱ्यात, असे पुढे जावे. मूळ भांड्यातला द्रव गडद जांभळा दिसतो, पहिल्यातला चांगला गुलाबी. दुसरे भांडे पांढऱ्या कागदावर ठेवून वरून पाहिले तर अगदी फिकी छटा जाणवते. तिसऱ्यात काही दिसत नाही.

‘म्हणजे तिसऱ्यात काहीच नाही का?’ असे येथे विचारावे. मुले बहुधा ‘नाही’ म्हणतात. ते उत्तर चूक आहे, आणि ही चूक होऊ द्यावी. परमँगनेटचा रेणुभार १५८. तेव्हा १ ग्रॅममध्ये सुमारे ३.८ गुणिले १० चा २१ वा घात इतके परमँगनेट आयन असतात. प्रत्येक पायरीला १०० ने भाग जातो, म्हणजे घातांकातून २ वजा होतात. तिसऱ्या भांड्यात अजूनही १० च्या १५ व्या घाताहून अधिक आयन आहेत. दिसत नाहीत एवढेच. दहाव्या भांड्यापर्यंत पोहोचलो की हिशेबाने उरतात ३८. अकराव्यात ०.३८. आयन अर्धा-पाव नसतो. तेव्हा याचा अर्थ असा की अकरावे भांडे पुन्हापुन्हा तयार केले तर तीनपैकी साधारण एकदा त्यात एखादा आयन सापडेल, एरवी नाही. बारावे ते तिसावे ही एकोणीस भांडी म्हणजे पाण्यात पाणी मिसळण्याचा व्यायाम. (प्रत्यक्षात चार-पाच भांडी पुरतात, पुढचे वहीत करावे. परमँगनेटचे डाग बोटांवरून लवकर जात नाहीत.)

मराठवाड्याच्या मुलांसाठी आणखी एक हिशेब. पैठणचा नाथसागर काठोकाठ भरला तर त्यात सुमारे २९० कोटी घनमीटर पाणी मावते. त्यात बेलाडोनाच्या अर्काचा एक थेंब टाकला आणि सगळे पाणी ढवळले, तर विरलता येते ८ सी च्या जरा पुढे, ९ सी च्या अलीकडे. बाईंच्या बाटलीवर ३० आहे. तो एक थेंब खरोखर काहीही न फेकता ३० सी पर्यंत पातळ करायचा झाला तर सूर्याएवढे पाण्याचे गोळे लागतील आणि त्यांची संख्या ३ वर २५ शून्ये इतकी भरेल. कारखान्यात तीन लिटर द्रवात काम भागते, कारण प्रत्येक पायरीला ९९ टक्के माल बाजूला टाकला जातो.

हानेमान यांना हे कळायला हवे होते का? त्यांचा मुख्य ग्रंथ ‘ऑर्गनॉन’ १८१० चा. ॲव्होगाड्रोचे गृहीतक १८११ चे. रेणू केवढा असतो याचा पहिला चांगला अंदाज लोश्मिट याने १८६५ साली केला, तेव्हा हानेमान यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. द्रव्य कितीही वाटत गेले तरी थोडे उरतेच, असे मानायला त्यांना मुभा होती. आज दहावीच्या विद्यार्थ्यालाही ती नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ‘टॉन्सिलच्या गोळ्या’ म्हणून मिळणाऱ्या बाराक्षार पद्धतीच्या वड्यांवर अनेकदा ‘३ एक्स’ असे लिहिलेले असते. तेथे पायरी १:१० ची असते, म्हणजे ३ एक्स हे फक्त हजारात एक. त्यांत द्रव्य खरोखर असते, अत्यल्प असते, पण असते. ‘होमिओपॅथीच्या दुकानात मिळते ते सगळे रिकामे’ असे म्हणणेही म्हणूनच चूक. आकडा आणि अक्षर दोन्ही वाचावे. अमेरिकेत लहान मुलांच्या दात येण्याच्या होमिओपॅथिक गोळ्यांमध्ये बेलाडोनाची द्रव्ये कमीजास्त, काही ठिकाणी लेबलापेक्षा बरीच जास्त असल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केले होते. विष रिकामे असेपर्यंत निरुपद्रवी असते. कारखान्यात निष्काळजीपणा झाला की ते रिकामे राहत नाही.

मुंबईचे सूक्ष्मकण

पडेगावच्या बैठकीत एका सरांनी लगेच हरकत घेतली. “पण आय.आय.टी.ने सिद्ध केले आहे ना?” ही हरकत नेहमी येते, म्हणून तिच्यावर थांबू.

मुंबईच्या आय.आय.टी.तील रासायनिक अभियांत्रिकी विभागातील चिक्रमाने, सुरेश, बेल्लारे व काणे यांनी २०१० साली ‘होमिओपॅथी’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. बाजारातून सोने, तांबे, चांदी, प्लॅटिनम अशा धातूंपासून केलेली ६ सी, ३० सी व २०० सी ची औषधे आणून त्यांनी ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांना त्यांत धातूचे अतिसूक्ष्म कण आढळले. झटके देताना तयार होणाऱ्या बुडबुड्यांबरोबर कण पृष्ठभागावर येतात आणि पुढच्या पायरीत वरचाच थर जातो, असे स्पष्टीकरण त्यांनी सुचवले.

समजा, हे सर्व जसेच्या तसे मान्य केले. मग काय निष्पन्न होते? त्यांच्याच मोजणीनुसार ६ सी नंतर कणांचे प्रमाण फारसे घटत नाही. ६, ३० आणि २०० जवळपास सारखेच. म्हणजे लेबलावर लिहिलेले विरलन प्रत्यक्षात होतच नाही, आणि २०० हे ३० पेक्षा शक्तिमान असण्याचे कारणही उरत नाही. शिवाय ते धातू होते, न विरघळणारे. वनस्पतीचा विरघळलेला अर्क तसाच बुडबुड्यावर तरंगेल असे त्यातून ठरत नाही. आणि शेवटचा मुद्दा मुलांनाही कळेल असा आहे. बाटलीत कण सापडणे आणि घसा बरा होणे या दोन गोष्टींमध्ये मोठे अंतर आहे. पिण्याच्या कोणत्याही पाण्यात शोधले तर कितीतरी द्रव्यांचे कण सापडतील.

विज्ञानाशी होमिओपॅथीचे नाते आपल्या देशात जुने आणि गुंतागुंतीचे आहे. कोलकात्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार हे आधुनिक वैद्यकातील एम.डी.; १८६७ साली त्यांनी जाहीरपणे होमिओपॅथीचा पुरस्कार केला. त्याच सरकारांनी १८७६ साली विज्ञानसंशोधनाची जी संस्था उभी केली, तिच्या प्रयोगशाळेत १९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला. मोठ्या माणसाचे एक काम मोठे म्हणून दुसरे आपोआप खरे ठरत नाही, आणि उलटही नाही.

तीन दिवसांत कोण बरे होते?

आता बाईंच्या अनुभवाकडे येऊ. तो खोटा नव्हता. मुले खरोखर बरी होत होती.

घसा दुखणे बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते; सर्दीचेच ते एक अंग. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला आवरते आणि घसा आपोआप निवळतो. घसादुखीवरील अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा असे दिसले की औषध न दिलेल्या रुग्णांपैकी तिसऱ्या दिवशी सुमारे ४० टक्क्यांची घसादुखी थांबलेली असते आणि आठवड्याच्या अखेरीस ८० टक्क्यांहून अधिक जणांची. त्यात मूल पहिल्या दिवशी शाळेत तक्रार करत नाही. घरी आई मिठाच्या पाण्याच्या गुळण्या देते, रात्री हळदीचे दूध देते, दुखणे शिगेला पोहोचते तेव्हा ते बाईंकडे येते. बाईंचे घड्याळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते. त्यानंतर तीन दिवस म्हणजे निम्म्याहून अधिक मुले बरी होण्याचीच वेळ. याशिवाय बाईंनी जवळ घेतले, विचारपूस केली, गोड गोळी दिली, याचाही मुलाला बरे वाटण्यात वाटा असतो आणि तो हिणवण्यासारखा नाही.

मग गोळीचा वाटा किती, हे कसे काढायचे? दोन सारख्या बाटल्या घ्यायच्या. एकीत औषधाचे थेंब टाकलेल्या गोळ्या, दुसरीत नुसत्या अल्कोहोलचे थेंब टाकलेल्या. कोणती कोणाला मिळाली हे देणाऱ्याला कळू द्यायचे नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. शेवटी सांकेतिक क्रमांक उघडून मोजणी करायची. ज्योतिषाची अशीच आंधळी चाचणी पुण्याच्या डॉ. जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांसह घेतली होती. ती २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. आमच्या शिक्षक वाचकांनी तिचा वृत्तांत वर्गात जरूर सांगावा. औषधांची चाचणी मात्र शाळेतल्या मुलांवर करू नये. तिला डॉक्टर, नैतिक समिती आणि पालकांची संमती लागते.

अशा चाचण्या इतरांनी केलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने ६१ आजारांवरील १७६ अभ्यास तपासून २०१५ साली निष्कर्ष दिला की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजाराबाबत नाही. जाणते होमिओपॅथ यावर म्हणतात की आमच्याकडे प्रत्येक रुग्णाची सविस्तर माहिती घेऊन औषध निवडतात. तसे असेल तर सर्वांच्या घशाला एकच बाटली कपाटातून देणे त्यांच्याच शास्त्रात बसत नाही.

खरा धोका

येथपर्यंत ऐकून बाई म्हणाल्या, “मग साखर तर साखर. नुकसान काय?” बऱ्याच घशांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर आहे. विषाणूच्या घशाला प्रतिजैविकाचाही उपयोग नसतो. साध्या सर्दीला अमॉक्सिसिलिनचा कोर्स लिहून देणाऱ्या डॉक्टरपेक्षा चार साखरेच्या गोळ्या बऱ्या, असे आम्हीही म्हणू.

पण मुलांच्या दुखऱ्या घशांपैकी साधारण २० ते ३० टक्के घसे ‘गट अ स्ट्रेप्टोकोकस’ या जीवाणूमुळे धरलेले असतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण अधिक. दाटीवाटीच्या वर्गांत, वसतिगृहांत, छावण्यांत तो झपाट्याने पसरतो. गंमत अशी, गंमत म्हणू नये खरे तर, की हा घसाही बहुधा आठवड्याभरात आपोआप बरा होतो. मूल खेळायला लागते. दोन-तीन आठवडे काहीच होत नाही. मग एखाद्याचा गुडघा सुजतो, तो उतरतो तर घोटा सुजतो, ताप येतो, दम लागतो. जीवाणूविरुद्ध तयार झालेली शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटलेली असते. याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. सांधे पूर्ववत होतात. हृदयाची झडप एकदा खराब झाली की बरेचदा खराबच राहते, आणि पुन्हा घसा धरला तर अधिक बिघडते. ऐन पंचविशीत झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात येणाऱ्या अनेकांची गोष्ट शाळेतल्या एका विसरलेल्या घशापासून सुरू झालेली असते.

म्हणजे घसा बरा होणे ही येथे कसोटीच नव्हे. बाई ज्याला यश म्हणून मोजत होत्या, त्यात हे मूलही ‘तीन दिवसांत बरे’ म्हणूनच मोजले गेले असते. महिन्याने सुजलेल्या गुडघ्याचा आणि त्या गोळ्यांचा संबंध कोणीच जोडला नसता.

उपाय १९५० पासून माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी साथींत उपचार न झालेल्या १०० पैकी सुमारे ३ जणांना पुढे ऱ्हुमॅटिक ताप येई. अमेरिकेत वायोमिंगच्या फोर्ट वॉरन छावणीत घसा धरलेल्या सैनिकांना पेनिसिलिन दिल्यावर हे प्रमाण एकदम खाली आले. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केले तरी हा ताप टळतो. हा जीवाणू आजही पेनिसिलिनला दाद देतो, ही जीवाणूंच्या जगातली दुर्मिळ गोष्ट आहे. आणि पेनिसिलिन आपल्याला परके नाही. पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये ते १९५५ पासून तयार होऊ लागले. कोर्स मात्र डॉक्टरांनीच द्यायचा आणि सांगितला तितके दिवस, तोंडावाटे असेल तर साधारण दहा, पूर्ण घ्यायचा.

नऊ दिवस हा आकडा शिक्षकाने लक्षात ठेवावा. ‘आधी गोळ्या देऊन पाहू, मग बघू’ यात जातात ते याच नऊंपैकी दिवस.

घसा कशाचा हे नक्की सांगायला तपासणी लागते. पण कोणाला लवकर पाठवायचे याचा अंदाज शिक्षकालाही येतो. नाक वाहते आहे, खोकला आहे, आवाज बसला आहे, तर बहुधा विषाणू. ताप आहे पण खोकला मुळीच नाही, जबड्याखालच्या गाठी सुजून दुखतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, तर त्याच दिवशी पालकांना बोलवावे. लाळ गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वासाला आवाज येतो किंवा घशात करडा चिकट पडदा दिसतो, तर पालकांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. करडा पडदा घटसर्पाचा असू शकतो. त्याची लस बाळपणी तीनदा, मग दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांचे असताना देतात; दहाव्या व सोळाव्या वर्षी पुन्हा मात्रा असते. ती चुकलेली मुले वर्गात असतात. पुढच्या वेळी आरोग्य तपासणीचे पथक शाळेत आले की ही यादी त्यांच्यासमोर ठेवता येईल.

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा पडेगावला गेलो. बाटली कपाटात तशीच होती. तिच्याशेजारी एक दोनशे पानी वही आली होती. तारीख, मुलाचे नाव, ताप आहे की नाही, खोकला आहे की नाही, कितवा दिवस, पालकांना कधी कळवले, असे रकाने बाईंनी पट्टीने आखले होते. सव्वीस नोंदी झाल्या होत्या. त्यांतल्या पाच नावांपुढे लाल शाईने ‘डॉक्टर’ लिहिलेले होते, आणि एका नावापुढे, लसीच्या रकान्यात, प्रश्नचिन्ह.